पहारा जो उतरत नाही

पाठ टेकून बसा. डोळे मिटा, तोंड मिटा. श्वास मुद्दाम ओढू नका, येतो तसा येऊ द्या. एक नाकपुडी जरा मोकळी, दुसरी जरा जड लागेल. त्याची चिंता नको. निरोगी नाकातही काही तासांनी ही पाळी बदलते. ज्यांच्या दोन्ही नाकपुड्या महिनोन्महिने चोंदलेल्या आहेत, त्यांनी खुशाल तोंडाने श्वास घ्यावा. हे मनन मुख्यतः त्यांच्यासाठीच आहे.

आता लक्ष गालाच्या हाडामागे न्या. तिथे हवेने भरलेली पोकळी आहे. तिचं दार जेमतेम काही मिलिमीटरचं, तेही तळाशी नाही, वरच्या अंगाला. त्यामुळे आतला चिकट ओलावा आपोआप वाहून जात नाही. नजरेला न दिसणारे केस सेकंदाला दहाएक वेळा हलतात आणि त्याला चढणीने दारापर्यंत नेतात. तुम्ही झोपलात तरी ते थांबत नाहीत. इथे थोडं रेंगाळा. ज्या शेंबडाला आपण नाक मुरडतो, त्याच्यामागे एवढी राबणूक आहे.

आता ते दार सुजलं आहे, असं पाहा. सर्दीची सूज आठ-दहा दिवसांत ओसरते. 12 आठवडे उलटूनही ओसरली नाही, की डॉक्टर तिला जुनाट सायनस म्हणतात. हा मामला नुसत्या जंतूंचा नसतो, म्हणूनच अँटिबायोटिकचे कोर्सवर कोर्स होऊनही अनेकांचं नाक बंदच राहतं.

नाकाचं अस्तर सतत पहाऱ्यावर असतं. बुरशीने किंवा स्टॅफिलोकॉकस ऑरियससारख्या जिवाणूने ते डिवचलं गेलं, की त्याच्या पेशी टीएसएलपी, इंटरल्यूकिन-33 अशी रसायनं सोडून हाकाटी करतात. धावून आलेल्या पेशी इंटरल्यूकिन-4, 5 आणि 13 सोडतात. त्यातल्या 5 मुळे इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढतात आणि टिकून राहतात. 13 मुळे स्राव वाढतो. इओसिनोफिलकडचा दारूगोळा जंतासारख्या परजीवींसाठी असतो. इथे जंत नाहीत, तरी तो उडतो आणि जखम होते आपल्याच अस्तराला. जखमी अस्तर पुन्हा हाकाटी करतं.

हे चक्र मनात सावकाश फिरू द्या. यात शत्रू सापडतो का बघा. मला तरी सापडत नाही. सापडतो तो रक्षणाचा हट्ट.

त्या हट्टापायी रक्तवाहिन्यांतून पाणी आणि प्रथिनं झिरपतात. फायब्रिनची जाळी धरते, ती विरघळवणारं द्रव्य कमी पडतं आणि पाणी तिथेच अडकून बसतं. अस्तर लोंबू लागतं, फिकट, ओलसर, सोललेल्या द्राक्षासारखं. हा पॉलिप. ‘नाकात मांस वाढलंय’ असं आपण म्हणतो, पण हा बराचसा साचलेल्या पाण्याचा फुगवटा. हात लावला तरी सहसा दुखत नाही. वास मात्र नेतो. फोडणी बसली की करपली, हे घरातल्या दुसऱ्याला विचारावं लागतं. गॅस गळत असेल तर तेही.

ऑपरेशनने पॉलिप निघतो, वाट मोकळी होते. अस्तराचा स्वभाव तोच राहतो. म्हणून पुष्कळांना तो पुन्हा येतो, दमा असलेल्यांना आणि ॲस्पिरिनने धाप लागणाऱ्यांना तर जास्तच. 2019 मध्ये अमेरिकेत या आजारासाठी मान्यता मिळालेलं ड्युपिलुमॅबचं इंजेक्शन इंटरल्यूकिन-4 आणि 13 यांचा निरोप पेशीपर्यंत पोचूच देत नाही. पण ते महाग आहे आणि निवडक रुग्णांसाठीच आहे. बाकीच्यांचा आधार साधाच: उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ घालून नाक धुणं आणि स्टिरॉइडचा स्प्रे, रोज.

आता डोळे उघडा. नाक मोकळं वाटलं म्हणून स्प्रे मनाने बंद करू नका. आणि गाठ एकाच नाकपुडीत असेल किंवा तिच्यातून रक्त येत असेल, तर मनन राहू द्या. आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.