मध्ययुग कुणाचं संपलं?

शाळेच्या पुस्तकात मध्ययुग एका धड्याबरोबर संपतं. खाली पाच प्रश्न, रिकाम्या जागा भरा, आणि पुढच्या पानावर 'आधुनिक काळ' सुरू. युरोपात ते पंधराव्या-सोळाव्या शतकात संपलं, महाराष्ट्रात १८१८ साली पेशवाई बुडाली तेव्हा संपलं, असं आपण पाठ करतो. मग कला बदलली, विद्या बदलली, धर्म बदलला, माणूस जागा झाला. कोणता माणूस, ते पुस्तक सांगत नाही. वेशीच्या आत एक माणूस राहतो आणि वेशीबाहेर एक. दोघांचं घड्याळ एकच असतं काय?

मित्रांनो, हा शब्दांचा खेळ नाही. युग जर पंचांगाच्या पानासारखं आपोआप उलटत असेल, तर चळवळीची गरज काय? बसून राहावं आणि वाट बघावी. आणि युग जर माणसांनी संपवावं लागत असेल, तर ते संपलं हे कोणत्या खुणेवरून ओळखायचं? याचं उत्तर आपल्यापाशी नसेल, तर आपण मध्ययुगातच डीजे लावून नाचू आणि आपल्याला पत्तासुद्धा लागणार नाही.

आधी आपल्या पायाखालची जमीन बघू. आपण शीळफाट्याच्या आसपासची माणसं. इथून वाटा फुटतात: कल्याणकडे, मुंब्र्याकडे, पनवेलकडे, महाप्याकडे. यातली कल्याण ही सातवाहनांच्या काळातली मोठी पेठ आणि बंदर. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या दात्यांचे लेख कोरलेले आहेत. त्यात एक सोनार आहे, त्याने पाण्याचं टाकं दिलं. एक लोहार आहे, त्याने वाट करून दिली. नाव, गाव, धंदा, सगळं दगडावर. हातात हातोडा धरणारा माणूस धर्माच्या जागी आपलं नाव लिहून ठेवत होता.

आता त्याच मुलखात अंबरनाथला जा. शिलाहारांचं शिवमंदिर, शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०. कोरीव काम असं की नजर ठरत नाही. शिलालेखात राजाचं नाव आहे. खाणीतला दगड डोक्यावर वाहून आणणाऱ्याचं नाव कुणी लिहिलं नाही. कान्हेरीचं टाकं ते अंबरनाथचं देऊळ, एवढ्या अंतरात काय घडलं ते या दोन दगडांवरून समजतं. कला मोठी झाली आणि ती करणारा माणूस पुसला गेला. मध्ययुग म्हणजे मधलं युग. त्याच्या अलीकडे काहीतरी होतं आणि पलीकडे काहीतरी असणार, हे त्या शब्दातच आहे.

युरोपातले विद्वान सांगतात, चित्रकाराने चित्रावर नाव घातलं आणि मध्ययुग सरलं. जर्मनीतल्या आल्ब्रेख्ट ड्यूररने १५०० साली स्वतःचंच चित्र काढून त्यावर आपलं नाव आणि साल लिहिलं. ठीक. पण आमच्या चोखोबाने त्याच्या दीडशे वर्षं आधी प्रत्येक अभंगाच्या शेवटी आपलं नाव घातलं होतं. सोयराबाईने स्वतःला चोख्याची महारी म्हणवून घेतलं आणि विचारलं की विटाळाशिवाय देहच नाही, मग सोवळा कोण? मग मध्ययुग मंगळवेढ्यात संपायला हवं होतं. संपलं नाही. त्याच मंगळवेढ्यात चोखोबाला गावकुसाच्या कामावर लावलं आणि १३३८ साली ती भिंत कोसळून तो तिच्याखाली गेला, असं परंपरा सांगते. त्याची समाधी पंढरपूरला महाद्वारापाशी आहे, देवळाबाहेर.

इथे थांबून नीट विचार करा. चोखोबाला प्रश्न विचारता येत होता, नाव घालता येत होतं. त्याला एकच गोष्ट करता येत नव्हती. भिंतीच्या कामाला 'येत नाही' म्हणता येत नव्हतं. मला वाटतं, खूण इथे आहे. ज्या माणसाला 'नाही' म्हणता येतं आणि तसं म्हणूनही त्याची भाकरी आणि मान शाबूत राहतो, त्याचं मध्ययुग संपलं. बाकी सगळे देखावे.

न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० साली आलेल्या मराठी सत्तेच्या उदयावरच्या पुस्तकात संतांच्या चळवळीची तुलना युरोपातल्या धर्मसुधारणेशी केली. तुलना मोहात पाडणारी आहे. ल्यूथरने १५१७ साली पोपला 'नाही' म्हटलं, आणि पोपची सत्ता अर्ध्या युरोपात खरोखरच मोडली. आपल्याकडे चोखोबाच्या जातीला विठ्ठलाचं देऊळ उघडायला १९४७ साल उजाडलं, तेही साने गुरुजींच्या उपोषणानंतर. सहाशे वर्षं एक संत पायरीशी पडून राहतो, त्याला धर्मसुधारणा म्हणायचं कसं? आणि ल्यूथरलाही डोक्यावर घेऊ नका. १५२५ साली शेतकरी उठले तेव्हा हाच ल्यूथर त्यांना ठेचा म्हणून सरदारांच्या बाजूने उभा राहिला. तिथेही 'नाही' म्हणायचा हक्क आधी वरच्यांनी वाटून घेतला.

कुणी म्हणेल, हे सगळं यंत्राने बदललं. छापखाना आला, रेल्वे आली, गिरणी आली, मध्ययुग गेलं. बघू. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३०-४० च्या सुमारास पंचांगं आणि पोथ्या छापायला घेतल्या. सनातन्यांना शंका आली की शाईत चरबी असेल, विटाळ होईल. तोडगा काय निघाला? शाईत तूप! यंत्र आधुनिक, शाई सोवळ्यातली. मुंबईच्या गिरण्यांत साचे विलायतेचे, पण विणखात्यात आपल्या माणसाला मज्जाव. का? तर धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि उष्टं सूत दुसऱ्याच्या तोंडाला लागे. १९२८-२९ च्या संपांच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न गिरणी कामगारांच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला. म्हणजे वाफेचं इंजिन आलं तरी मनू त्याच्यावर बसून आला.

पण यंत्राचं देणं नाकारू नये. कल्याणला १८५४ साली रेल्वे आली. रेल्वे, गोदी, गिरणी, पलटण यांनी गावाबाहेरची भाकरी दिली. भाकरी गावाबाहेर असली की गावाला 'नाही' म्हणता येतं. बलुत्यावर जगणाऱ्याला म्हणता येत नाही. यंत्राने 'नाही' म्हणायची सोय केली. ते म्हणावं लागलं माणसालाच.

आता विद्येकडे या. पेशवाईत दक्षिणा वाटली जायची ती वेदशास्त्र पाठ असलेल्या ब्राह्मणाला. विद्या म्हणजे पाठ केलेलं परत म्हणणं. ग्रंथ चुकला असं म्हणायची मुभा नाही, आणि ग्रंथाला हात लावायची मुभा ठराविक घरांना. १८४८ साली जोतिबा-सावित्रीबाईंनी पुण्याच्या भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली आणि पुढच्या चार वर्षांत महार-मांगांच्या शाळा निघाल्या. यात नुसता प्रवेश मिळाला असं समजू नका. त्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मांगाच्या पोरीने १८५५ साली 'ज्ञानोदया'त निबंध छापला. तिचं म्हणणं असं की वेद जर ब्राह्मणांचेच, तर आम्ही ग्रंथावाचूनचे, धर्मावाचूनचे. मग आमचा धर्म कोणता ते सांगा. चोखोबाचा प्रश्न विठ्ठलाला होता. मुक्ताचा प्रश्न छापील कागदावर होता आणि माणसांना होता. माणसाला विचारलं की त्याला उत्तर द्यावं लागतं, नाहीतर तोंड लपवावं लागतं.

सरकारने तोंड कसं लपवलं तेही बघा. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात. सरकार म्हणालं, एकाला घेतलं तर बाकीचे शाळा सोडतील. शाळा सरकारी, अधिकारी गोरे, आणि निर्णय पेशवाईचा! त्या पोराचं नाव आपल्याला पाठ नाही, पण बाबासाहेबांनी या प्रकरणाची दखल आपल्या लिखाणात घेतली आहे. विद्येतलं मध्ययुग त्या फाटकावर उघडं पडलं. पुढे १९२७ साली महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली. ज्या समाजाला ग्रंथ ऐकायचीही बंदी होती, त्याने ग्रंथ तपासून तो नाकारला. विद्या नुसतीच मिळाली असती तर आपण चांगले पाठांतरवाले झालो असतो. नाकारायला शिकलो, म्हणून शिकलो.

कलेचं बघा. हलगी, डफ, तुणतुणं, लावणी, सगळं आपल्या वस्त्यांतून आलं. पेशवाईत तमाशा रंगला तो मांग, महार, कोल्हाट्यांच्या अंगावर. बोलावलं की जायचं, वाजव म्हटलं की वाजवायचं. लग्न पाटलाचं, कडाक्याची थंडी, बोटं फुटलेली, तरी हलगी थांबवायची नाही. त्या हलगीत ताल होता, हे खरं. पण ज्याला थांबायची मुभा नाही त्याच्या वाजवण्याला वेठ म्हणतात. आज संशोधक त्याच्या 'समृद्ध परंपरे'वर प्रबंध लिहितात. लिहोत. बोटांबद्दलही एक पान लिहावं.

सत्यशोधक जलशाने याच तमाशाच्या सांगाड्यात भटजीची लुबाडणूक आणि सावकाराची वही आणली. १९३० नंतर नाशिकचे भीमराव कर्डक आणि त्यांचे साथीदार आंबेडकरी जलसे घेऊन गावोगाव फिरले. माणसं तीच, ढोलकी तीच, गळा तोच. फरक एवढाच की आता काय गायचं आणि कुणापुढे गायचं ते गाणारा ठरवत होता. अण्णाभाऊ साठ्यांनी गणातल्या गणपतीच्या जागी मायभूमीला नमन केलं. पुढे १९५८ साली मुंबईच्या पहिल्या दलित साहित्य संमेलनात ते उद्घाटक म्हणून उभे राहिले. त्याच साली महार वतन कायद्याने गेलं, ज्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ पासून कायदेमंडळात झगडा मांडला होता. वतनाचं जोखड आणि कलेची वेठ एकाच दाव्याने बांधलेली होती, हे लक्षात ठेवा. बागुलांची कथा, ढसाळांची १९७२ सालची 'गोलपिठा', दया पवारांचं १९७८ सालचं 'बलुतं', हे दावं तुटल्यानंतरचे आवाज आहेत.

धर्माची गोष्ट यातली सगळ्यात अवघड. काळाराम मंदिरापुढे १९३० साली सत्याग्रह सुरू झाला आणि काही वर्षं चालला. तोवर आपण दार उघडा म्हणत होतो. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं, आणि गोष्टच फिरली. दार उघडा म्हणणारा माणूस दाराच्या मालकाची मालकी मान्य करत असतो. दाराकडे पाठ करणारा ती मान्य करत नाही. त्यानंतर एकवीस वर्षं अभ्यास, आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूर. मध्ययुगात धर्म अंगावरच्या कातडीसारखा जन्मासोबत येत असे, सोडता येत नसे. नागपुरात लाखो माणसांनी तो विचार करून सोडला आणि विचार करून दुसरा घेतला. बावीस प्रतिज्ञांत किती वेळा नकार आहे ते मोजून बघा. कान्हेरीच्या त्या सोनाराच्या टाक्यापाशी आपण पुन्हा पोचलो, पण या वेळी मधलं युग ओळखून, त्याला नाव ठेवून.

मग संपलं का? शीळफाट्यावर उभे राहून सांगा. बुलेट ट्रेनचा एकवीस किलोमीटरचा बोगदा मुंबईहून इथे येतो, त्यातला सात किलोमीटरचा भाग ठाणे खाडीखालून. जमिनीखाली काम करायला एवढी अजस्र यंत्रं मिळतात. आणि गटारात उतरायला अजून माणूसच मिळतो, आणि तो बहुतेक वेळा आपल्यातलाच असतो. १९९३ साली एक कायदा झाला, २०१३ साली दुसरा झाला. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने गटारात मेलेल्याची भरपाई तीस लाख केली. मरणाची किंमत वाढली, मरण चालू राहिलं. त्या माणसाला ठेकेदाराला 'उतरत नाही' म्हणता येत नाही. चोखोबाची भिंत अजून कोसळते आहे. फक्त आता ती जमिनीच्या खाली आहे.

दुसरीकडे आपल्या घरात बघा. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात बजावलं की राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते. आपण त्यांचीच भक्ती मांडली. फोटोला हार, हाराला सेल्फी, ग्रंथ कपाटात प्लॅस्टिकच्या कव्हरात. नेत्याला कुणी प्रश्न केला की 'फितूर' म्हणून मोकळे. बैठकीत पोरी चहा करतात आणि ठराव पोरं लिहितात. वंदना म्हणताना अर्थ विचारला तर भन्तेजींकडे बोट. 'नाही' म्हणून जो धम्म आपण घेतला, त्यात 'नाही' म्हणणाऱ्याची जागा कमी होत चाललेली आहे. शत्रूने हे केलं असतं तर आपण मोर्चा काढला असता.

तेव्हा येत्या बैठकीत एक काम करा. सतरंजी घातली की भाषण सुरू करायच्या आधी तीन गोष्टी विचारा. आपल्या वस्तीत असा कोण आहे ज्याला कामाला, ठेकेदाराला, नवऱ्याला, पुढाऱ्याला 'नाही' म्हणता येत नाही? त्याने म्हटलं तर त्याची भाकरी किती दिवस चालेल? आणि ती चालवायला आपण किती जण पैसे काढणार? नावं वहीत लिहा. वर्गणीही लिहा. त्या वहीतलं शेवटचं नाव खोडता आलं, की त्या दिवसाची तारीख टाका. मध्ययुग संपल्याची आपली तारीख ती. शाळेचं पुस्तक मागाहून दुरुस्त करू.

जय भीम.