१९८५ साली ते ज्ञान कुठे होतं?

थंडीत काही माणसांच्या हातापायांची बोटं आधी पांढरीफटक पडतात, मग निळी. रक्तवाहिन्या आखडतात. रेनॉ या फ्रेंच डॉक्टरने १८६२ साली हा आजार नोंदवला. पुढे संशोधकांना दिसलं, की अशा रुग्णांचं रक्त पुष्कळदा दाट असतं आणि प्लेटलेट लवकर चिकटतात. ग्रीनलंडच्या मासे खाणाऱ्या इन्युइट लोकांवरून सुरू झालेलं आहारसंशोधन अगदी वेगळ्या नियतकालिकांत छापलं जात होतं. माशांच्या तेलाने रक्ताचा दाटपणा आणि प्लेटलेटचा चिकटपणा कमी होतो, असं तिथे म्हटलं होतं. दोन्ही गोष्टी छापील आणि उघड होत्या, पण इकडचे लोक तिकडचं वाचत नव्हते.

शिकागो विद्यापीठातले डॉन स्वॉन्सन डॉक्टर नव्हते, ग्रंथालयशास्त्राचे प्राध्यापक होते. संगणकावरच्या सूचींतून शोध घेत त्यांनी हे दोन लेखसमूह शेजारी आणले आणि १९८६ साली लिहिलं, की माशांचं तेल या रुग्णांना उपयोगी पडू शकेल.

मी ‘तर्कसंग्रह’ हा न्यायशास्त्राचा प्रवेशग्रंथ शिकवते. अनुमानाचा पाठ चालू असताना हे सांगितलं, तेव्हा एका मुलीने विचारलं, “बाई, मग १९८५ साली ते ज्ञान कुठे होतं?”

तत्त्वज्ञ कार्ल पॉपर म्हणतील, ग्रंथांतच होतं. ज्ञानाचं एक स्वतंत्र जग असतं, कोणी वाचो वा न वाचो. स्वॉन्सन यांनीही त्यांचाच आधार घेतला. नैयायिकाला हे पटायचं नाही. तर्कसंग्रहकार अन्नंभट्टांच्या चोवीस गुणांत बुद्धी, म्हणजे ज्ञान, आहे आणि ती आत्म्याचा गुण आहे. कागद म्हणजे पृथ्वी. तिच्या ठायी गंध राहील, ज्ञान नाही. धूर तिथे अग्नी ही व्याप्ती एकाला ठाऊक आहे आणि डोंगरावरचा धूर दुसऱ्यालाच दिसला, तर अग्नीचं अनुमान दोघांनाही होत नाही. व्याप्ती आणि धूर एकाच जाणणाऱ्याच्या ठायी एकत्र यावे लागतात. त्यालाच परामर्श म्हणतात. १९८५ साली तो कोणालाच झालेला नव्हता, म्हणून ते ज्ञान कोणाही माणसाच्या ठायी नव्हतं, असं मी तिला सांगितलं. ईश्वराचं ज्ञान नित्य आहे, त्याला अनुमान करावं लागत नाही. ती गरज आपली, तुकड्यातुकड्याने जाणणाऱ्या जीवांची. म्हणूनच ग्रंथालयाचं काम मला धर्मकार्य वाटतं.

डिजिटल ग्रंथालय मग नेमकं काय करतं? सन्निधी, म्हणजे जवळीक, घडवतं. एकेक पद प्रहराप्रहराने उच्चारलं, तर वाक्याचा अर्थ लागत नाही, असं शास्त्र सांगतं. हा नियम वाक्यातल्या पदांचा. मी तो ग्रंथांपर्यंत ताणते आहे, हे मला ठाऊक आहे. पण वेगवेगळ्या विद्याशाखांत, वर्षावर्षांच्या अंतराने छापलेली दोन विधानं याहून वेगळी नाहीत. ती शेजारी आणण्याचं काम यंत्र माणसापेक्षा कितीतरी चांगलं करतं. स्वॉन्सन आणि नील स्मालहायझर यांनी पुढे ‘अ‍ॅरोस्मिथ’ नावाची प्रणालीच तयार केली. दोन लेखसमूहांना जोडू शकणारे शब्द ती काढून देते. त्यातला कोणता जोड अर्थाचा आहे, हे मात्र वाचणाऱ्यालाच ठरवावं लागतं.

आणि वाक्यार्थाला लागणारी आणखी एक अट, योग्यता? ‘अग्नीने शिंपतो’ या वाक्यात पदं जवळ असूनही बोध होत नाही, कारण अर्थच बाधित आहे. स्वॉन्सन यांच्या वाक्याची ही परीक्षा १९८९ साली रुग्णांवर झाली. दुसऱ्या कुठल्या आजारामुळे ज्यांना हा त्रास नव्हता, त्यांना तेलाचा फायदा झाला. इतरांना तसा झाला नाही. शेजारी ठेवल्याने विधान खरं ठरत नाही, तपासण्याजोगं होतं.

आपल्याकडे मात्र सन्निधीचंच काम अर्धवट आहे. आठल्ये-बोडसांची १८९७ ची तर्कसंग्रहाची आवृत्ती आज घरबसल्या वाचता येते, हे केवढं भाग्य! पण असल्या कितीतरी स्कॅनमध्ये पानं म्हणजे नुसती चित्रं असतात. मजकूर काढलेला असला, तरी जोडाक्षरं फुटलेली असतात. ‘लिंग’ शोधलं, तर ‘लिङ्ग’ सापडत नाही. संधीत दडलेलं पद तर त्याहून दूर. पोथी स्कॅन झाली की ती जगासमोर आली, असं आपण समजतो. ती कपाटातून निघून दुसऱ्या कपाटात गेलेली असते. पैसा आणि माणसं आता अक्षरं तपासायला, पदं सोडवायला आणि विषयसूची करायला लागली पाहिजेत, आणि हे काम संस्कृत-मराठी जाणणाऱ्यांनीच केलं पाहिजे.