साग की आंबा?

पहिल्या पगारातून टेबल करून घ्यायचं ठरवलं. सुतारकाकांना म्हटलं, "सागवानच हवं." ते म्हणाले, "देतो की. पण वापरणार किती वर्षं?"

मी गप्प. माझ्या खोलीचा करार ११ महिन्यांचा, आणि चांगला जून साग तयार व्हायला ५०-६० वर्षं लागतात. त्याच्या अंगच्या तेलामुळे वाळवी सहसा लागत नाही, म्हणून तुळया आणि दारं सागाची करत. बैलगाडीच्या चाकाला मात्र चिवट बाभूळ, कोकणात पाटाला फणस. म्हणजे सगळ्यात भारी लाकूड कुठलं, हा प्रश्न नव्हताच. ते कशासाठी हवंय, हा होता.

मग साग घेणं चूक? तसंही नाही. तीन पिढ्यांनी वापरला तर ती उधळपट्टी नाही. झाड जितकी वर्षं वाढलं, निदान तितकी वर्षं वस्तू टिकवावी, एवढं देणं आपण लागतो, असं मला वाटतं. अडचण माझी होती. तीन वर्षांत तीन खोल्या बदलल्या आणि दरवेळी सामान विकून टाकलं.

शेवटी आंबा घेतला, फळं धरायचा थांबलेल्या जुन्या झाडाचा. त्याला कीड लवकर लागते, म्हणून औषध मारून घेतलं. हे टेबल जपता आलं, तर पुढच्या वेळी साग मागेन.