चौदा वर्षांचं वतन

मृग बरसला की ताडकळसच्या काळ्या रानात तिफणी जुंपल्या जायच्या. आता ट्रॅक्टरामागचं पेरणीयंत्र आलं, तरी परभणी जिल्ह्यातल्या पूर्णा तालुक्यातला पन्नाशी उलटलेला कुणीही माणूस तिफणीचा सांगाडा डोळे मिटून सांगेल. आडवं दिंड, त्यात ठोकलेले तीन फण, फणांमागून वर चढलेले पोकळ नळे आणि तिन्ही नळे जिथं एकत्र येतात तिथं लाकडी चाडं. चाड्यावर मूठ धरणाऱ्या बाईची बोटं सैल पडली की पेरा दाट, आवळली की पातळ. दाणा ओलीला, सारख्या खोलीवर, एका ओळीत पडतो आणि पुढं कोळपं चालवायला जागा राहते. इतकं नेटकं औत कुणी केलं, असं विचारलं तर उत्तर येतं, सुतारानं. कोणत्या सुतारानं, हे गावात कुणी विचारत नाही.

शाळेच्या पुस्तकात मात्र पेरणीयंत्राचा जनक म्हणून जेथ्रो टल या इंग्रजाचं नाव असतं, साल १७०१. अठराव्या शतकाच्या अखेरीस कंपनीच्या फौजेतल्या थॉमस हॅलकॉट नावाच्या कॅप्टननं दक्षिणेत पेरणीची औतं चालताना पाहिली. मग त्यानं लंडनच्या शेती मंडळाला लिहून कळवलं, की ज्याला मी युरोपातला अलीकडचा शोध समजत होतो तो इथं जुनाच आहे.

हे मी छाती फुगवायला सांगत नाही. टलनं तिफण चोरली असा माझा दावा नाही, त्याला ती ठाऊक असायचंही कारण नव्हतं. माझं कुतूहल दुसरंच आहे. ‘हे मला सुचलं, म्हणून हे माझं’ हा विचार माणसाच्या डोक्यात शिरतो कधी? आणि आमच्या सुताराच्या डोक्यात तो इतकी शतकं का शिरला नाही?

याचं उत्तर मला बलुत्यात सापडतं. सुताराला सुगीच्या वेळी खळ्यावर धान्य मिळे. औत नवं केलं काय किंवा जुनं नीट केलं काय, माप तेवढंच. या व्यवहारात सुताराचा नफा होता तो औत कमी मोडण्यात. नांगर मोडला की कुणबी भर पेरणीत दारात येऊन बसणार आणि त्या कामाचे वेगळे दाणे मिळणार नाहीत. म्हणून बाभळीचा कोणता ओंडका घ्यायचा, कुसू किती खोल बसवायचं, याची अक्कल पिढी-पिढीनं वाढत गेली. कारखानदाराला पुन्हा पुन्हा विकण्यात रस असतो, बलुतेदाराला गिऱ्हाईक पुन्हा न येण्यात. शिवाय गुपित ठेवणार कुठं? औत उघड्या बांधावर उभं असतं. शेजारच्या गावचा सुतार वितीनं मोजून घेऊन जाई आणि त्याला कुणी चोर म्हणत नसे.

याचे गोडवे मात्र गाऊ नयेत. ज्या सुतारानं न मोडणारं औत केलं त्याच्या मुलाला त्यापायी रंधा सुटला असं झालं नाही. जात ठरलेली, काम ठरलेलं, माप ठरलेलं. नाव नसणं हे नेहमीच औदार्य नसतं. पुष्कळदा नाव मागण्याची सोयच नसते.

आपल्या समाजाला हक्क ठाऊक होता तो वतनाचा. पाटीलकी, कुलकर्ण, बलुतं हे सगळं वंशपरंपरेचं. सनद एकदा मिळाली की नातवंडांनी खावी. पेटंट हा शब्दही मुळात अशाच एका सनदेचा. राजाचं उघडं पत्र, मोहर आहे पण बंद नाही, कुणीही वाचावं. इंग्लंडच्या १६२४ च्या कायद्यानं या सनदेला नव्या शोधांसाठी चौदा वर्षांची हद्द घातली. शिकाऊ उमेदवारीची मुदत तेव्हा सात वर्षांची, तिची दुप्पट, असा या आकड्याचा हिशेब सांगतात. आपल्याला चौदा म्हटलं की वनवास आठवतो, आणि पुढं काही शोधकांची चरित्रं पाहिली की तेही फारसं चुकलं नाही असं वाटतं.

नवेपणा होता तो या मुदतीत. सुचलेलं सगळं सरकारात लिहून द्या, त्या बदल्यात ठरावीक वर्षं एकट्यानं खा आणि मग ते गावाचं होऊ द्या. म्हणजे वतन, पण नातवापर्यंत न जाणारं. मला ही कल्पना आजही सुरेख वाटते. पण ती लिहिता येणाऱ्यासाठीच होती. हात जे जाणतो ते शब्दांत उतरवावं लागे, आकृती काढावी लागे आणि आपलं नेमकं नवं काय तेवढंच वेगळं काढून त्यावर दावा सांगावा लागे. सुताराला औत सबंध दिसतं. त्यातला आपला चतकोर कोणता, असा विचार करायची त्याला सवय नसते.

हिंदुस्थानात हा कायदा १८५६ साली आला आणि त्याखालचा पहिला अर्ज कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंग या इंजिनिअराचा होता. यंत्र कसलं, तर पंखा ओढण्याचं. साहेबाच्या डोक्यावरचा कापडी पंखा दोरीनं हलवणारा पंखेवाला नको झाला होता. त्या पंखेवाल्याकडेही दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून पडल्या पडल्या ओढायची युक्ती होती. तिची नोंद कुठल्या दप्तरात व्हायची नव्हती.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला १९११ चा कायदा आला. पेटंटसाठी स्वतंत्र नियंत्रक नेमला गेला, कचेरी कलकत्त्यात. कायदा होता ब्रिटिश हिंदुस्थानापुरता. ताडकळस निजामाच्या मुलखात. इथलं नाणं हाली, टपालाचं तिकीट वेगळं, कचेरीची भाषा उर्दू आणि घरातली मराठी. आगगाडी पूर्ण्यापर्यंत आली होती, पण कलकत्त्याच्या मोहरेचं राज्य हद्दीवरच संपे. कलकत्त्यात नोंदलेल्या शोधाची नक्कल इथं कुणी केली तर तो कायदा त्याला हात लावू शकत नव्हता. आणि इथल्या लोहाराला काही सुचलं तर ते कलकत्त्यात नोंदवायला इंग्रजीत लिहून परक्या राज्यात पाठवावं लागलं असतं. माझ्या समजुतीप्रमाणे ‘पेटंट’ हा शब्द खेड्यात पहिल्यांदा आला तो दवाखान्यातून. वैद्याचा काढा वेगळा आणि बाटलीतलं तयार ‘पेटंट औषध’ वेगळं. पुढं कीर्तनकाराचा ठरलेला विनोदही ‘पेटंट’ झाला. शब्द आमच्यात रुजला, हक्क रुजला नाही.

ज्या मराठी माणसात तो हक्क पुरता रुजला त्याची गोष्ट सांगायलाच हवी. शंकर आबाजी भिसे यांचा जन्म १८६७ चा, मुंबईचा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वर्षांत लंडनच्या एका शोधविषयक मासिकानं स्पर्धा लावली. दुकानात पीठ-साखरेसारखा सुटा माल आपोआप तोलून देणारं यंत्र सुचवायचं होतं. भिशांचा आराखडा बक्षिसाला उतरला. वाण्याच्या तराजूकडं पाहत वाढलेल्या मुंबईच्या माणसाला हे सुचावं यात मला नवल वाटत नाही. नवल आहे ते पुढच्या पावलाचं. हा माणूस थेट लंडनला गेला, आणि तिथं त्याच्या पाठीशी दादाभाई नौरोजी उभे राहिले. ज्यांनी हिंदुस्थानचा पैसा विलायतेला कसा वाहून जातो हे आयुष्यभर मांडलं, त्यांना हिंदी डोक्यातली कल्पना विलायतेत विकली जावी असं वाटणं अगदी साहजिक होतं.

भिशांनी मग हात घातला तो छपाईचे खिळे ओतण्याच्या यंत्राला. त्या काळी लायनोटाइप आणि मोनोटाइप या बलाढ्य कंपन्यांचं हे रान. भिशांचं ‘भिसोटाइप’ त्यांच्याहून वेगानं खिळे पाडतं असा त्यांचा दावा होता. जाणकारांनी तो मानला, पैसेवाले कचरले. समाजवादी पुढारी हिंडमन यांनी भांडवल उभं करायचा प्रयत्न केला, जमलं नाही. अखेर गोपाळ कृष्ण गोखल्यांनी जमशेदजींचे पुत्र रतन टाटांकडं शब्द टाकला आणि १९१० मध्ये टाटा-भिसे सिंडिकेट उभं राहिलं. महायुद्धात तेही मोडलं. भिसे अमेरिकेला गेले, तिथं पुन्हा यंत्र, पुन्हा कंपनी. आयोडिनापासून केलेलं ‘ॲटोमिडीन’ हे औषध त्यांनी बाजारात आणलं. एडिसनची भेट झाली. ‘हिंदी एडिसन’ ही पदवी वर्तमानपत्रांनी त्यांना आधीच देऊन टाकली होती. १९३५ साली न्यूयॉर्कमध्ये ते वारले. दोनशेच्या घरात शोध आणि चाळीसच्या आसपास पेटंटं, असा त्यांचा हिशेब सांगितला जातो.

एवढी पेटंटं असलेल्या माणसाला जन्मभर भांडवलदारांच्या पायऱ्या का चढाव्या लागल्या? पेटंट दुसऱ्याला अडवण्याचा हक्क देतं, स्वतः करून विकायचं बळ देत नाही. एडिसनपाशी मेन्लो पार्कची प्रयोगशाळा होती, वकील होते, सावकार होते. भिशांपाशी मोहरबंद कागद होते. वतन मिळालं, पण कसायला बैल नाहीत, अशी गत.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी वाट उलटी धरली. त्यांनी आधी कारखाना उभारला. बेळगावात सायकलींपासून सुरुवात, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. नांगराचा नमुना विलायती होता. लोखंडानं जमीन नासते या समजुतीपायी शेतकरी त्याला हात लावेनात. तेव्हा किर्लोस्करांना अडवणारा कुणी नक्कलखोर नव्हता, घेणाराच नव्हता. नवं काढणं एक आणि ते शिवारात उतरवणं दुसरं. कायद्याच्या लेखी शोध पहिल्या पायरीवरच पुरा होतो. शेतकऱ्याच्या लेखी तो दुसऱ्या पायरीवर सुरू होतो.

या दोन वाटांच्या मधली एक गोष्ट १९२९ साली घडली. अखिल भारत चरखा संघानं सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं. अटी कडक. दीडशे रुपयांत बसावा, बाईला आठ तास शीण न होता चालवता यावा, वीस वर्षं टिकावा. आणि आणखी एक अट होती. शोधकानं हवं तर स्वतःच्या खर्चानं पेटंट घ्यावं, पण बक्षीस हवं असेल तर तो हक्क संघाच्या हवाली करावा. म्हणजे कल्पना तुझी हे मान्य, तिची भरपूर किंमत देऊ, पण वतन ठेवू नकोस. बलुतं आणि पेटंट यांना एका जुवाला जुंपायचा इतका स्वच्छ प्रयत्न दुसरा माझ्या वाचनात नाही. किर्लोस्करवाडीहूनही एक यंत्र गेलं होतं, ते कसोटीला उतरलं नाही. बक्षीस कुणालाच मिळालं नाही. पण ती अट अजून मला बक्षिसापेक्षा मोठी वाटते.

पुढचं झरझर सांगतो. १९४८ साली निजामाचं हैदराबाद भारतात आलं. १९५९ साली न्यायमूर्ती अय्यंगारांनी अहवाल दिला, की देशातली बहुतेक पेटंटं परदेशी लोकांच्या हाती आहेत. त्यातून १९७० चा कायदा झाला आणि २० एप्रिल १९७२ ला लागू झाला.  त्या कायद्यानं शेतीची पद्धत ही पेटंटची गोष्टच नव्हे असं ठरवलं. ते योग्यच झालं, नाहीतर उद्या कापसात तूर लावायलाही कुणाची परवानगी काढावी लागली असती.

परंतु कागदाची पकड सुटली नाही. १९९५ साली अमेरिकेत हळदीनं जखम भरते यावर पेटंट दिलं गेलं. इथून वसमत जवळ, सगळा हळदीचा मुलूख. इथल्या कोणत्याही आजीनं हसून सोडून दिलं असतं. पण आजीचं हसणं पुरावा ठरत नाही. शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनं जुने ग्रंथ, जुने लेख शोधून मांडले तेव्हा कुठं १९९७ मध्ये ते रद्द झालं. वापर हजार वर्षांचा असला तरी कामाला आला तो छापलेला कागद.

आणि दादाजी खोब्रागडे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेडचे, आमच्या शेजारच्या नांदेडचे नव्हेत. १९८३ साली त्यांना धानात काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या त्यांनी निवडल्या, वर्षामागून वर्ष पेरल्या आणि बारीक तांदळाचं वाण काढलं. त्याला नाव पडलं ते तेव्हा लोकप्रिय असलेल्या घड्याळाचं, एचएमटी. ते वाण राज्याराज्यांत गेलं. दीड एकराच्या या शेतकऱ्याला सन्मान मिळाले, तांदळातून येणारा पैसा मिळाला नाही. २०१८ मध्ये ते गेले. शेतकऱ्यानं काढलेल्या वाणावर त्याचा हक्क मानणारा कायदा २००१ चा, म्हणजे त्यांचं वाण शिवारभर झाल्यानंतरचा.

आज ताडकळससारख्या गावच्या रस्त्याकडेला वेल्डिंगचं दुकान असतं. जुन्या मोटारसायकलीला कोळपं जोडणारा, फवारणीच्या पंपाची नळी बदलणारा माणूस तिथंच भेटतो. त्याला बलुतं मिळत नाही, नगाचे पैसे मिळतात. म्हणून नावाचा आणि नकलेचा प्रश्न आता त्याचाही आहे. त्याला माझं एवढंच सांगणं. गड्या, यंत्र जमलं की पहिल्यांदा कृषी प्रदर्शनात नेऊ नकोस. चारचौघांत मांडलं की ते कायद्याच्या लेखी नवं राहत नाही. आधी वहीत तारीख घालून आकृती काढ आणि मुंबईच्या पेटंट कार्यालयात तात्पुरता अर्ज टाक. पुरा तपशील द्यायला त्यानंतर बारा महिने मिळतात. हक्क आता चौदा नव्हे, वीस वर्षांचा आहे. अर्ज हिंदीत करता येतो, इंग्रजीत करता येतो. मराठीत अजून करता येत नाही.