नकळत लागलेले ऋण

मुंबईच्या लोकलचे जेथे अखेरचे स्टेशन येते, ते कसारा हे सह्याद्रीच्या पायथ्याचे गाव. नाशिककडे निघालेल्या गाडीला येथे बहुधा थांबावे लागते, कारण पुढच्या घाटात सदतीस फुटांस एक फूट असा चढ आहे आणि एकट्या इंजिनाचा तेथे निभाव लागत नाही. म्हणून गाडीच्या मागे बँकर इंजिने जोडतात, ती तिला इगतपुरीपर्यंत रेटतात, तेथे सुटतात आणि पुढच्या गाडीसाठी घाट उतरून परत येतात. निजलेल्या उतारूला एक हलका धक्का तेवढा जाणवतो आणि तो कूस बदलतो.

ज्या उपकाराची उपकृताला खबरही नाही, त्याचे ऋण त्याच्या माथी लागते काय? दस्तऐवज नाही, सही नाही, तर देणे कसले, असे व्यवहार विचारील. शतपथ ब्राह्मणाचा कौल मात्र निराळा आहे. देव, ऋषी आणि पितर यांच्या जोडीला तेथे मनुष्यांचेही ऋण सांगितले आहे, आणि ते जाणूनबुजून घेतलेले नसून जन्माबरोबरच लागलेले आहे. १८६५ च्या जानेवारीत हा घाट आगगाडीला खुला झाला, त्याआधी तो खोदताना जे मजूर अपघातांत आणि पटकीत दगावले, त्यांची नावे कोणत्या दप्तरात शोधावीत? ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सर्वपित्री अमावास्या आहे, आणि त्या दिवशी या मजुरांचे स्मरण मी श्रद्धेने करतो. परंतु मनाचे समाधान होत नाही, कारण त्याच ग्रंथात मनुष्यऋणाची फेड आसरा आणि अन्न देऊन, म्हणजे जिवंत माणसाला, करावी असे म्हटले आहे.

आणि जिवंत माणसे समोर आहेत. भातसा आणि तानसा ही धरणे कसाऱ्याच्याच शहापूर तालुक्यात; त्यांचे पाणी मुंबई-ठाण्याच्या नळांना येते, आणि वैशाखात याच तालुक्यातले पाडे टँकरची वाट पाहत बसतात. हे वाचून कळले नव्हते ते मला ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात कळले. शेजारच्या यंत्रावरचा माझा सोबती कसाऱ्याजवळच्या पाड्यातून पहाटेच्या लोकलने यायचा. उन्हाळ्यात पाळी सुटली की तो नळाखाली पाच लिटरचा कॅन भरी, बूच घट्ट पिळी, कॅन आडवा करून गळतो का पाही, आणि मग कसारा लोकल गाठायला निघे.