आजचं चिंतन : यादीतली चौथी वस्तू (गीता ९.२६)



आज नवव्या अध्यायातला सव्विसावा श्लोक. तुमच्यापैकी अनेकांना तो पाठ असेल. अर्थ साधा आहे. भगवंत अर्जुनाला सांगतात : पान, फूल, फळ किंवा पाणी, जो कुणी मला भक्तीने देतो, त्या शुद्ध मनाच्या माणसाने प्रेमाने आणलेलं ते मी खातो.

या श्लोकावर आपण बहुतेक वेळा एवढंच ऐकतो की देवाला महागडं काही लागत नाही. ते खरंच आहे. पण यादी नीट बघा. पान, फूल, फळ आणि शेवटी पाणी. पहिल्या तीन वस्तू निदान कुठून तरी तोडून आणाव्या लागतात. चौथीला चवही नाही, वासही नाही. पूजेच्या ताटात तिच्याकडे कुणाचं लक्षही जात नाही. आज मला त्या चौथ्या वस्तूबद्दल बोलायचं आहे, कारण गेल्या वर्षी सहा आठवडे माझ्या हातात तेवढीच होती.

माझी लेक आठ वर्षांची आहे. तिला सिकलसेल आहे. विदर्भात हा शब्द नवा नाही. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नंदुरबार, मेळघाट, कितीतरी घरांत तो रोजच्या बोलण्यातला आहे. पुण्या-मुंबईच्या मित्रांसाठी थोडक्यात सांगते. आपल्या रक्तातल्या लाल पेशी गोल आणि मऊ असतात, बारीक नळीतूनही दबून पुढे सरकतात. या आजारात ऑक्सिजन कमी झाला की पेशी कडक होतात आणि विळ्यासारख्या वाकतात. मग त्या अडकतात. जिथे अडकतात तिथे रक्त पोचत नाही आणि भयंकर दुखतं. साधी लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, ही मात्र १०-२० दिवसांत फुटते. प्लीहा लवकर निकामी होते, त्यामुळे जंतुसंसर्ग पटकन होतो.

तिच्या मांडीच्या हाडात असाच संसर्ग झाला. आम्ही मिहानमधल्या एम्समध्ये होतो. ११ डिसेंबर २०२२ला ज्याचं लोकार्पण झालं, तेच हे हॉस्पिटल. हाडातला संसर्ग गोळ्या घेऊन चार दिवसांत जात नाही. शिरेतून अँटिबायोटिक द्यावं लागतं, आणि तेही आठवडेच्या आठवडे. आमचे ४२ दिवस झाले. खिडकीतून विमानतळावर उतरणारी विमानं दिसायची. सुरुवातीला लेक मोजायची, नंतर तिने मोजणं सोडून दिलं.

आता श्लोकाकडे या. घरी माझी रोजची पूजा असते. तुळस, जास्वंद, एखादं केळं. वॉर्डात हार-फुलं नेता येत नव्हती. बाहेरचा प्रसाद नाही, चिरलेलं फळ नाही. ज्या मुलीची प्लीहा काम करत नाही तिच्याजवळ हे सगळं धोक्याचं, त्यामुळे नियम योग्यच होता. पण हिशोब बघा : पान गेलं, फूल गेलं, फळ गेलं. यादीत उरलं ते पाणी.

आणि सिकलसेलमध्ये पाणी म्हणजे नुसतं पाणी नसतं. शरीर कोरडं पडलं की पेशीच्या आतलं हिमोग्लोबिन दाट होतं आणि पेशी लवकर वाकते. म्हणून डॉक्टर पहिलं सांगतात ते पाण्याचं, त्यांनी सांगितलं असेल तेवढं आणि वेळच्या वेळी. नागपूरचा उन्हाळा तुम्हाला माहीतच आहे. कॉटला एक कागद लावलेला होता. किती पाणी पोटात गेलं, किती लघवी झाली, सगळं मिलीमध्ये लिहायचं. दुखणाऱ्या मुलाला पाणी पाजणं सोपं नसतं. ती तोंड फिरवायची. ‘नको ना आई’ म्हणायची. मी चमच्याने, स्ट्रॉने, गोष्टीच्या नादात, कसंही करून पाजायची आणि लिहायची : ५० मिली. परत ५० मिली. रात्री दोनला, पहाटे पाचला. आपल्याकडे लिखित जपाची वही असते ना, एकेक नाम लिहून रकाने भरत जायचे? आठ-दहा दिवसांनी मला तो कागद तसाच दिसायला लागला.

शेजारच्या कॉटवर गडचिरोलीकडची एक आजी नातवासोबत होती. एकदा रात्री मी तिला म्हटलं, आजी, इतक्या दिवसांत देवाला एक फूल वाहिलं नाही. ती म्हणाली, “काऊन जीव जाळतं माय? पोरीले पानी पाजलं ना, थेच देवाले पोचलं.”

त्या आजीने नवव्या अध्यायाचं भाष्य वाचलेलं नसेल. पण तिने जे सांगितलं ते भागवतात आहे. नवव्या स्कंधात रंतिदेव राजाची कथा येते. ४८ दिवस त्याच्या आणि कुटुंबाच्या पोटात अन्न नाही की पाणी नाही. एकोणपन्नासाव्या दिवशी थोडं अन्न आणि पाणी मिळालं. जेवायला बसणार तोच एकामागून एक पाहुणे आले आणि अन्न संपलं. उरलं एका माणसापुरतं पाणी. तेवढ्यात ज्याला समाज शिवत नव्हता असा एक तहानलेला माणूस आला आणि राजाने तेही त्याला दिलं. देताना राजा काय मागतो? सिद्धी नको, मोक्षही नको. सगळ्या जीवांच्या आत राहून त्यांचं दुःख मी भोगावं, म्हणजे त्यांचं दुःख सरेल, एवढंच.

आजारी मुलाच्या कॉटपाशी बसलेल्या कुठल्याही आईबापाला विचारा, हीच प्रार्थना त्यांच्या तोंडी असते. ‘तिचं दुखणं मला दे.’ अगदी नास्तिक बापसुद्धा असं म्हणतो. आणि आपल्या नाथांना आठवा. रामेश्वराला न्यायची कावड, त्यातली गंगा त्यांनी तहानलेल्या गाढवाच्या मुखात घातली. पाणी जिथे पोचायचं होतं तिथेच पोचलं.

आता दोन अवघड गोष्टी, कारण त्या टाळून हा श्लोक पुरा होत नाही.

पहिली. नात्यातल्या एकांनी फोनवर म्हटलं, ‘मागच्या जन्मीचं काहीतरी असेल.’ आजारी मुलाच्या आईला हे वाक्य कुठे लागतं ते सांगायला नको. सिकलसेल आईबाप दोघांकडून येतो. दोघांकडे एकेक सदोष जनुक असेल तर दर गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक. आणि हे जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकलं का? कारण ज्याच्याकडे ते एकच असतं, त्याला तीव्र हिवतापापासून बरंच संरक्षण मिळतं. म्हणजे रानाकाठी राहणाऱ्या कुणा पूर्वजाचा ज्याने जीव वाचवला, तेच आज दोन बाजूंनी येऊन माझ्या लेकीला दुखवतं आहे. यात पाप कुठे आहे? याच अध्यायात, तीनच श्लोक पुढे, भगवंत सांगतात की मी सर्व भूतांना सारखा, माझा कुणी द्वेष्य नाही. आठ वर्षांच्या मुलीचा सूड घेणारा देव गीतेत सापडत नाही.

दुसरी. ‘एवढं पाणी पाजलं, नाम घेतलं, मग ती बरी होणारच ना?’ या श्लोकात तसं वचन नाही. परत वाचा. भक्तीने दिलेलं मी खातो, एवढंच तो म्हणतो. ‘दिलंस तर तुझं काम करीन’ असं म्हणत नाही. नवसात ‘जर-तर’ असतं, इथे नाही. एकाच श्लोकात भक्ती हा शब्द दोनदा आला आहे, फळाच्या हमीचा एकदाही नाही. वॉर्डातल्या दुखण्याच्या तक्त्यावर सहा चेहरे असतात, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. पाणी पाजूनही लेक कितीदा शेवटच्या चेहऱ्यावर बोट ठेवायची. मग पाणी वाया गेलं का? नाही. तो म्हणतो, मी खाल्लं. ‘स्वीकारलं’ असा दुरून बोलायचा शब्दही त्याने वापरला नाही. घरचा माणूस ताटावर बसून बोलावा तसा बोलला. ज्या रात्री माझ्या हाताने काहीच बदलत नव्हतं, त्या रात्री मला हमीपेक्षा याचाच आधार जास्त होता, की दिलेलं कुणीतरी घेतो आहे.

४२ दिवसांनी आम्ही घरी आलो. हाडाचा संसर्ग गेला, सिकलसेल आहेच. रोजची हायड्रॉक्सीयुरियाची गोळी आहे, थंडीची भीती आहे, पाण्याची बाटली आहे. घरी आता तुळस आणि जास्वंद परत मिळतात, मी वाहतेही. पण पूजेची सुरुवात मी लेकीच्या पहिल्या पेल्यापासून करते.

आजचा संकल्प, तीन छोट्या गोष्टी :

१. तुमच्या घरात किंवा ओळखीत कुणी हॉस्पिटलमध्ये असेल तर सोबत बसलेल्या माणसाला आज फोन करा. ‘काळजी करू नका’ म्हणू नका. ‘तुम्ही जेवलात का, पाणी प्यालात का?’ विचारा.

२. विदर्भातले, खानदेशातले मित्र असाल आणि लग्नाचं बघत असाल, तर पत्रिकेआधी सिकलसेलची तपासणी करून घ्या. साधी रक्ताची तपासणी आहे. १ जुलै २०२३ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, २०४७चं उद्दिष्ट आहे. ते आपल्या पिढीच्याच हातात आहे.

३. रक्तदान करा. या मुलांना ते वारंवार लागतं. पान, फूल, फळ, पाणी यांच्या पुढची ती पाचवी वस्तू समजा.

उद्या श्लोक २७ : जे करशील, जे खाशील, जे देशील, ते सगळं मला अर्पण कर. आजच्या श्लोकाला जोडूनच वाचायचा आहे.

ज्या आया आत्ता कुठल्यातरी वॉर्डात हे वाचत असतील त्यांना एकच सांगते. माय, तुझ्या हातात पेला आहे ना? पूजा चालू आहे.

जय हरी! 🙏