गाण्याची उधारी

सन 2004 च्या सुमाराची गोष्ट. मी तेव्हा मुख्याध्यापक झालो नव्हतो. बेळगावातल्या एका मराठी शाळेत नववीचा वर्गशिक्षक होतो. एके दिवशी मधल्या सुट्टीत वर्गातल्या एका मुलाने माझ्या हातात एक सीडी ठेवली. वर निळ्या शाईने, किरट्या अक्षरात लिहिले होते : 'सरांसाठी जुनी गाणी'. नाट्यगीते, भावगीते, जुनी हिंदी चित्रपटगीते अशी शंभरावर गाणी त्याने सायबर कॅफेत बसून इंटरनेटवरून उतरवून घेतली होती. अगदी शेवटी चार गाणी इंग्रजी पॉपची निघाली. ती नजरचुकीने राहिली असावीत, किंवा सरांनाही थोडे सुधारावे असा त्याचा हेतू असावा! मी ती सीडी शिक्षकांच्या खोलीत सर्वांना दाखवली आणि पोराचे तोंडभरून कौतुक केले.

पुढच्याच आठवड्यात घटक चाचणीला हाच मुलगा शेजाऱ्याच्या पेपरात पाहून लिहिताना सापडला. मी त्याचा पेपर काढून घेतला, त्याला व्हरांड्यात उभे केले आणि आमचे ठरलेले व्याख्यान सुरू केले : ही चोरी आहे, वगैरे. तो रडत होता. रडता रडताच म्हणाला, "चोरी कशी सर? त्याचं उत्तर त्याच्याकडंच राहिलं की."

त्यात उद्धटपणा मुळीच नव्हता. त्याला खरोखरच कळत नव्हते. मी वेळ मारून नेली. 'दुसऱ्याची विद्या आपली म्हणून दाखवणे हा खोटेपणा' असे काहीसे सांगितले, आणि ते चुकीचेही नव्हते. पण घरी टेबलावर ती सीडी पडली होती, तिच्याबाबतीत हे उत्तर लागू पडेना. ती गाणी माझी आहेत असे काही मी कुणाला सांगत नव्हतो.

गंमत अशी की, नेमका हाच प्रश्न त्याच्या आधी पाच वर्षे अमेरिकेतल्या न्यायालयांपुढे उभा राहिला होता. 1999 च्या जूनमध्ये शॉन फॅनिंग नावाच्या, कॉलेज अर्धवट सोडलेल्या अठरा वर्षांच्या पोराने 'नॅप्स्टर' नावाची सोय सुरू केली. गाणे एमपीथ्री पद्धतीने दाबून बसवले की त्याचा आकार दहाव्या हिश्शाच्या आसपास येतो, आणि मग ते टेलिफोनच्या तारेवरूनही पाठवता येते. नॅप्स्टरकडे स्वतःचे गाणे एकही नव्हते. कुणाच्या संगणकात कोणते गाणे आहे याची यादी तेवढी त्यांच्याकडे असे. देवघेव लोक आपापसांत करीत. गावातल्या वाचनालयाचा ग्रंथपाल पुस्तके न ठेवता नुसते 'अमक्याच्या घरी ते पुस्तक आहे' असे सांगू लागला तर काय होईल, तसे ते होते. फरक एवढाच, की इथे पुस्तक नेले तरी अमक्याच्या कपाटात ते राहतेच!

कंपन्यांनी डिसेंबर 1999 मध्ये दावा लावला. पुढच्या वर्षी 'मेटॅलिका' हे रॉक संगीताचे पथक न्यायालयात गेले, कारण त्यांचे एक गाणे पुरे होण्याआधीच रेडिओवर वाजू लागले होते. त्यांचा ढोलवादक लार्स उल्रिक तीन लाखांवर नावांची यादी घेऊन नॅप्स्टरच्या दारात उभा राहिला. ही सगळी माणसे त्याच्या गाण्यांची चाहती होती, हे लक्षात घ्या. आपल्याच श्रोत्यांची नावे चोर म्हणून लिहून आणणारा कलावंत, हे दृश्य मला आजही केविलवाणे वाटते. पण तो चूक होता असे म्हणायला जीभ रेटत नाही. जुलै 2001 मध्ये नॅप्स्टर बंद पडले. मग दुसरी नावे उगवली. सप्टेंबर 2003 मध्ये कंपन्यांच्या संघटनेने एकदम 261 माणसांवर दावे ठोकले. त्यांत न्यूयॉर्कची बारा वर्षांची एक मुलगी होती. तिच्या आईने दोन हजार डॉलर भरून ते प्रकरण मिटवले.

बारा वर्षांच्या मुलीला न्यायालयात खेचणाऱ्याची बाजू घ्यावी असे कुणालाच वाटणार नाही. शिवाय कंपन्यांचे हात तरी कुठे धुतलेले होते? पॉप संगीताच्या भरभराटीच्या काळात एका गाजलेल्या गाण्यासाठी बारा गाण्यांची अख्खी सीडी गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारली जाई. पोरांनी ती गाठ सोडवली, आणि बाजारालाही मग शहाणपण सुचले. एप्रिल 2003 मध्ये ॲपलने एकेक गाणे 99 सेंटला विकायला काढले.

आणि आपण? आपली पिढी या बाबतीत साळसूद होती असे समजण्याचे कारण नाही. मी कॉलेजात असताना खडे बाजाराच्या बाजूला एक कॅसेटचे दुकान होते. आपण वहीच्या कागदावर गाण्यांची यादी लिहून द्यायची, कोरी कॅसेट द्यायची, आणि चार दिवसांनी ती 'भरून' न्यायची. माझ्या यादीत भीमसेन असत, आशा भोसले असत आणि कन्नडमधले राजकुमारही असत. आमच्या भागात गाण्याला भाषावाद आडवा येत नाही, तो इतर वेळी येतो. हे सारे बेकायदा आहे असे ना दुकानदाराला वाटे, ना मला. पुढे सीडी आली, डाउनलोड आले आणि ते दुकान बंद पडले. दुकानदार कळवळून म्हणत असे, "फुकट्यांनी धंदा बसवला." आणि त्याचे दुःख खरे होते. दुसऱ्याच्या गाण्यावर आपले दुकान उभे होते, हे त्याच्या मनात कधी आले नसावे.

मोठ्या प्रमाणावर हेच घडले. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात दुसऱ्याच्या गाण्याचे नवे ध्वनिमुद्रण करण्याची एक वाट होती. त्या वाटेने 1980 च्या दशकात गुलशन कुमार यांच्या टी-सिरीजने जुनी गाणी नव्या गळ्यांतून गाऊन घेतली आणि स्वस्त कॅसेटी पानाच्या दुकानापर्यंत पोचवल्या. एचएमव्हीची सद्दी संपली. खेड्यापाड्यांत गाणे गेले, हे पुण्य मोठे. मूळ गायकाच्या पदरात काय पडले, हे विचारायचे नाही.

तरी तो प्रश्न आपल्याकडे फार आधी विचारला गेला होता. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला लताबाई आणि महंमद रफी यांच्यात रॉयल्टीवरून बेबनाव झाला. गाणे विकले जाते तोवर गायकालाही त्यातला वाटा मिळावा, हे लताबाईंचे म्हणणे. आपण गायलो, मेहनताना घेतला, व्यवहार संपला, हे रफीसाहेबांचे. काही वर्षे दोघे एकत्र गायले नाहीत. तरुणपणी मला रफीसाहेबांची बाजू थोर वाटे; निर्लोभी माणूस! आता वाटते, दोघांच्या मनात दोन वेगळे शब्द होते. रफीसाहेब किमतीविषयी बोलत होते, लताबाई ऋणाविषयी. किंमत एकदा चुकती होते. ऋण गाणे ऐकले जाते तोवर चालू राहते. आपल्या संसदेने 2012 मध्ये गीतकार आणि संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा कायद्याने पक्का केला. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी त्यासाठी बाजू लावून धरली होती.

त्या मुलाला मी आज काय सांगेन? एवढेच, की बाळ, ही चोरी नसेलही. दिवाळीत एका पणतीवर दुसरी लावली तर पहिलीचा उजेड कमी होत नाही, हे मलाही दिसते. पण तेल कुणीतरी घातलेले असते. न विचारता, न देता घेतलेले गाणे ही उधारी आहे. आणि वाण्याची उधारी ठेवून 'तुझ्या दुकानातला माल संपला थोडाच!' असे कुणी म्हणत नाही. कंपनी कलावंताला लुबाडते, हे बऱ्याचदा खरेच असते; पण वाण्याचा मालक लबाड निघाला म्हणून वाण्याची उधारी बुडत नाही. 'रेडिओहेड' या इंग्रज पथकाने ऑक्टोबर 2007 मध्ये आपला नवा संच इंटरनेटवर ठेवला आणि सांगितले, वाटेल ते द्या, काही न देता न्या. कित्येकांनी फुकट नेला. कित्येकांनी कुणी बघत नसताना पैसे मोजले. मला त्या दुसऱ्यांविषयी कुतूहल आहे.

आता तर डाउनलोडही जुने झाले. स्पॉटिफाय 2019 मध्ये भारतात आले, यूट्यूब त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. जाहिरात ऐकली की गाणे फुकट. सगळे कायदेशीर, म्हणून प्रश्न मिटला असे आपण धरून चालतो.

माझा मात्र मिटलेला नाही, त्याचे कारण सांगतो. आमच्या गल्लीपलीकडे भावगीते गाणारे एक वृद्ध गृहस्थ राहतात. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. 1990 च्या दशकात त्यांनी पदरचे पैसे घालून स्वतः चाली दिलेल्या आठ गाण्यांची कॅसेट काढली होती. ती मी एका सहकाऱ्याकडून आणून घरच्या टेपरेकॉर्डरवर उतरवून घेतली आणि तिची फीत ढिली पडेपर्यंत ऐकली. काही वर्षांपूर्वी एका लग्नात अण्णा भेटले तेव्हा मी भरात येऊन सांगून टाकले, "अण्णा, तुमची आठही गाणी मला पाठ आहेत." त्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, "कॅसेट कुठं मिळाली तुम्हाला, सर? दुकानात तर कोण ठेवून घेईना झालते."

मी म्हणालो, "घेतली होती तेव्हाच, विकत."

त्यांनी मला हाताला धरून घरी नेले. पलंगाखालून एक पत्र्याची पेटी ओढली. तीत कॅसेटी होत्या, वरचे पातळ प्लास्टिकही न फाडलेल्या. दोनशे तरी असतील. एक काढून माझ्या हातात ठेवत म्हणाले, "तुमची आता झिजली असेल." मी खिशाला हात घातला तर रागावलेच. "एकदा दिलासा की पैसे! दोनदा कशाला?"

ती कॅसेट माझ्या कपाटात आहे. घरात आता टेपरेकॉर्डर नाही. अण्णा अजून सकाळी फिरायला शाळेवरून जातात, आणि फाटकापाशी मी दिसलो की हात वर करतात.